एकदाच दिसणारा निरोप

देवबागच्या एखाद्या निवास-न्याहारीच्या वेबसाइटवर पाहुणा तारखा निवडतो, नाव-फोन भरतो, बटण दाबतो आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर हिरवी पट्टी येते: ‘तुमचं बुकिंग झालं.’ पान रिफ्रेश केलं की पट्टी गेलेली असते. वेबचं काम करणारे याला फ्लॅश मेसेज म्हणतात. रेल्स, जँगो, फ्लास्क, लाराव्हेल या वेबसाइट बांधायच्या सगळ्या चौकटींत (फ्रेमवर्कांत) त्याची सोय तयार मिळते आणि वापरायला कोडची एखादी ओळ पुरते. म्हणूनच बहुधा त्याचा कोणी फार विचार करत नाही. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या धंद्यांसाठी खोल्यांच्या बुकिंगची, हापूसच्या पेट्यांची जी पानं बनतात, त्यांच्याबद्दलच्या तक्रारींचा माग काढला तर पुष्कळ वेळा तो या पट्टीपाशीच येऊन थांबतो. ‘पैसे गेले, पन पुढे काय झाला ता कळाक नाय.’ पैसे पोचलेले असतात, बुकिंग झालेलं असतं, निरोप तेवढा वाटेत हरवलेला असतो.

तो कसा हरवतो हे कळायला तो मुळात येतो कुठून हे बघावं लागतं. फॉर्म पाठवला की ब्राउझर सर्व्हरला ‘पोस्ट’, म्हणजे माहिती पाठवणारी, विनंती करतो. तिला उत्तर म्हणून सर्व्हरने थेट ‘बुकिंग झालं’चं पान दिलं तर पाहुण्याच्या हातात एक अवघड पान येतं: ते रिफ्रेश केलं की ब्राउझर तोच फॉर्म पुन्हा पाठवू का विचारतो, आणि ‘हो’ म्हटलं की दुसरं बुकिंग. म्हणून रीत अशी पडली की पोस्टचं काम उरकल्यावर सर्व्हरने पान द्यायचंच नाही, ‘आता त्या पत्त्यावर जा’ एवढंच सांगायचं. मग ब्राउझर ‘गेट’, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या, विनंतीने नवं पान आणतो आणि ते कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी काही बिघडत नाही. ‘तिकडे जा’ हे सांगायला सर्व्हरच्या उत्तरात ३०३ हा कोड वापरावा. ३०२ या जुन्या कोडने साध्या फॉर्मचं भागतं, कारण ब्राउझर पूर्वीपासून त्यानंतर गेटच करत आले आहेत. पण जावास्क्रिप्टने पाठवलेल्या डिलीट (नोंद पुसायच्या) विनंतीला ३०२ दिला तर ब्राउझर नव्या पत्त्यावरही डिलीटच करू शकतो. बुकिंग रद्द करून यादीकडे वळवलं आणि यादीच्या पत्त्यावर डिलीट जाऊन आदळलं, हा प्रकार रेल्सच्या कागदपत्रांत इशारा म्हणून नोंदवलेला आहे.

या रीतीची एक किंमत आहे. निरोप तयार होतो पोस्टमध्ये आणि दाखवायचा असतो पुढच्या गेटमध्ये. दोन विनंत्या वेगळ्या, आणि एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या रीतीला, मागचं काही आठवत नाही. मधल्या काळात निरोप कुठेतरी ठेवावा लागतो. पत्त्यातच, प्रश्नचिन्हापुढे मजकूर लिहून पाठवणं सर्वांत सोपं, पण ते करू नये. तो पत्ता व्हॉट्सअॅपवर पुढे गेला की उघडणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमचं बुकिंग झालं’ दिसतं, आणि कोणीही स्वतःचा मजकूर घालून तुमच्या वेबसाइटच्या तोंडून हवं ते वदवू शकतो. म्हणून निरोप सेशनमध्ये, म्हणजे त्या एका ब्राउझरपुरत्या आठवणीत, ठेवतात: सर्व्हरच्या बाजूला नाहीतर कुकीत, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो आणि दर विनंतीबरोबर परत पाठवतो त्या चिठ्ठीत.

आता तो तिथून काढायचा कधी? इथे फ्रेमवर्कांचे दोन स्वभाव आहेत आणि आपण वापरतो त्याचा स्वभाव माहीत नसेल तर दिवसचे दिवस शोधाशोध होते. रेल्स आणि लाराव्हेल विनंत्या मोजतात: या विनंतीत ठेवलेलं पुढच्या विनंतीपर्यंत टिकेल, लाराव्हेलमध्ये तर कोणी वाचो न वाचो. जँगो आणि फ्लास्क वाचन बघतात: कोणत्यातरी टेम्प्लेटने (पानाच्या साच्याने) निरोप हातात घेतला की तो जातो, तोवर पडून राहतो.

मोजणाऱ्यांत निरोप वाटेतल्या भलत्या विनंतीमुळे मरतो. बुकिंगनंतर पाहुण्याला ‘माझी बुकिंगं’ या पानाकडे वळवलं आणि अॅपच्याच मधल्या एखाद्या पायरीने तिथून पुन्हा दुसरीकडे वळवलं, तर निरोपाचं आयुष्य त्या मधल्या उडीतच संपतं. अशा वेळी मधल्या पायरीवर रेल्समध्ये ‘कीप’ आणि लाराव्हेलमध्ये ‘रीफ्लॅश’ म्हणावं लागतं. दुसऱ्या टॅबमध्ये खोल्यांची उपलब्धता दर काही सेकंदांनी विचारणारं पान उघडं असेल, तर त्याची पार्श्वभूमीतली विनंती नेमकी पोस्ट आणि गेटच्या मध्ये घुसू शकते. हा दोष दहातून एकदा दिसतो, आणि दहातून एकदा दिसणारा दोषच सर्वांत जास्त वेळ खातो. उलट बाजूची चूकही इथलीच: वळवायचं नसताना, त्याच उत्तरात पान रंगवताना साधा फ्लॅश वापरला, की पट्टी या पानावर दिसते आणि पुढच्या पानावर पुन्हा दिसते. त्यासाठी रेल्स-लाराव्हेलमध्ये ‘नाउ’ हा वेगळा प्रकार दिलेला आहे.

वाचन बघणाऱ्यांत निरोप भलत्याच्या हाती लागतो. ४०४चं, म्हणजे ‘सापडलं नाही’ असं सांगणारं, पान बहुतेक ठिकाणी मुख्य टेम्प्लेटवरूनच बनवलेलं असतं आणि मुख्य टेम्प्लेटमध्ये निरोप दाखवायची जागा असते. दुसऱ्या टॅबमधल्या पानावर खोलीचा एखादा फोटो तुटलेला असला की ब्राउझर तो मागतो, अॅप त्याला सजवलेलं ४०४चं पान पाठवतं, त्या पानात ‘बुकिंग झालं’ ही पट्टी असते आणि ब्राउझर ते सगळं फेकून देतो, कारण त्याला चित्र हवं होतं. निरोप वाचला गेला, पण माणसाने तो पाहिला नाही. ४०४चं आणि ५००चं (सर्व्हरच्या चुकीचं) पान स्वतंत्र, साध्या टेम्प्लेटवर ठेवलं तर हे टळतं. शिवाय चित्रं आणि फॅव्हिकॉन (टॅबवरचं छोटं चिन्ह) अॅपपर्यंत येऊच देऊ नयेत, पुढच्या वेब सर्व्हरनेच त्यांचा निकाल लावावा.

दोन टॅबांच्या गोंधळावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे प्रत्येक निरोपाला एक आडाखा न बांधता येणारी छोटी खूण देणं. सेशनमध्ये निरोप त्या खुणेखाली ठेवायचा, वळवताना पत्त्यात फक्त खूण पाठवायची, आणि ज्या पानाच्या पत्त्यात ती खूण असेल त्यानेच निरोप उचलायचा. पत्ता कोणाला पाठवला तरी त्याच्या सेशनमध्ये काहीच नसतं. रिफ्रेश केलं तरी निरोप आधीच उचललेला असतो. पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

पण इतकं करूनही एक प्रश्न उरतो, आणि कोकणात तो रोजचा आहे. सर्व्हरने निरोप काढून पानात घातला, पान पाठवलं आणि ते पोचलंच नाही तर? कोकण रेल्वेवर उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा आहे, सुमारे साडेसहा किलोमीटर लांब. मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्यात निघालेला माणूस गाडीतूनच बुकिंग उरकत असतो. बटण दाबलं, विनंती गेली, गाडी बोगद्यात शिरली. सर्व्हरच्या दृष्टीने सगळं नीट झालं: नोंद झाली, निरोप दाखवला, निरोप पुसला. माणसाच्या हातात फिरणारं चक्र आहे. बोगद्याबाहेर येऊन त्याने पान पुन्हा आणलं तर पट्टी नाही. मग तो पुन्हा फॉर्म भरतो.

इथे निरोप कुठे ठेवला होता याने फरक पडतो. सर्व्हरवरच्या सेशनमधून काढलेला निरोप उत्तर पोचो न पोचो, गेला. कुकीत ठेवलेला निरोप मात्र ‘ही कुकी पुसून टाक’ असं सांगणारा हेडर (उत्तराच्या माथ्यावरची सूचना) ब्राउझरपर्यंत पोचेपर्यंत ब्राउझरकडेच राहतो. उत्तर बोगद्यात हरवलं तर पुढच्या वेळी ब्राउझर तीच कुकी पुन्हा पाठवतो आणि निरोप पुन्हा येतो. हेडर पोचून पानाचा मजकूर तुटला तर मात्र इथेही नुकसान होतंच. जँगोची मूळ रचना आधी कुकी वापरते आणि तिच्यात न मावणारं सेशनमध्ये टाकते, म्हणजे छोट्या निरोपांना हे थोडंसं संरक्षण आपोआप मिळतं.

हे थोडंसंच आहे. नेमकं एकदाच, हमखास, अशी पोच नेटवर्कवर कोणी देऊ शकत नाही. एकतर निरोप कधीकधी दोनदा दिसेल, नाहीतर कधीकधी दिसणारच नाही, यातलं एक निवडावं लागतं. म्हणून ज्या गोष्टीवर पैसे किंवा मुक्काम अवलंबून आहे ती फक्त फ्लॅशमध्ये असता कामा नये. हे मी अगदी आग्रहाने सांगेन. ज्या पानाकडे पाहुण्याला वळवतो त्या पानावरच, डेटाबेसमधल्या नोंदीवरून, ‘१४ मे ते १६ मे, समुद्राकडची खोली, पक्कं’ असं लिहिलेलं असावं. पट्टी आली तर उत्तम, नाही आली तरी अर्थ बिघडत नाही. आणि फॉर्मबरोबर एक लपवलेला क्रमांक पाठवून डेटाबेसमध्ये त्याच्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा निर्बंध) लावला, की बोगद्यातून बाहेर आल्यावर तोच फॉर्म पुन्हा गेला तरी दुसरी नोंद होत नाही. सर्व्हरने तेव्हा चूक दाखवू नये, पहिल्याच नोंदीच्या पानाकडे न्यावं.

बंदरावर वादळाचा बावटा चढतो तो धोका टळेपर्यंत खाली येत नाही, कोणी पाहिला म्हणून तो उतरवत नाहीत. अॅपमधल्याही काही गोष्टी अशाच असतात. ‘पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद’ ही परिस्थिती आहे, ती आहे तोवर पानावर हवी. ‘तुमचा फोन नंबर बदलला’ ही घडून गेलेली गोष्ट आहे, तिला एकदाची पट्टी शोभते. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हाती काय आहे ते ठरवलं तर निम्मे घोळ होत नाहीत.

पैसे भरून परत येण्याचा टप्पा वेगळ्याने सांगायला हवा, कारण तिथे निरोपाबरोबर सेशनच हरवतं. पाहुणा पेमेंट गेटवेच्या पानावर जातो, ओटीपी भरतो, आणि बरेच गेटवे त्याला पोस्ट विनंतीने आपल्या वेबसाइटवर परत पाठवतात. कुकीवरची ‘सेमसाइट’ ही खूण दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची की नाही ते ठरवते; दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर ‘सेमसाइट लॅक्स’ कुकी जात नाही, आणि २०२० च्या फेब्रुवारीत क्रोम ८० पासून ज्या कुकीवर ही खूण लिहिलेली नाही ती लॅक्सच धरायला सुरुवात झाली. सर्व्हरला परतणारा माणूस अनोळखी वाटतो, तो त्याला नवं सेशन देतो, नवी कुकी जुनीवर बसते. पाहुणा लॉगआउट, टोपली रिकामी, पट्टी नाही, खात्यातून मात्र पैसे गेलेले.

यात एक फसवी बारकाई आहे. काहीच न लिहिलेल्या कुकीला क्रोमने दोन मिनिटांची सवलत ठेवली: कुकी तेवढी ताजी असेल तर अशा पोस्टबरोबर ती जाते. चाचणी करणारा ऑफिसच्या वाय-फायवर लॉगिनपासून पैशांपर्यंत मिनिटभरात पोचतो आणि सगळं चालतं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर ओटीपीची वाट पाहणाऱ्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि चालत नाही.

उपाय असा की परतीच्या त्या पत्त्यावर सेशनला हात लावायचा नाही. गेटवेची सही तपासायची, ऑर्डर क्रमांकावरून नोंद अद्ययावत करायची आणि ३०३ देऊन आपल्याच गेट पानाकडे वळवायचं. त्या गेटबरोबर लॅक्स कुकी पुन्हा येते आणि ओळख परत मिळते. ‘पैसे मिळाले’ हे त्या पानाने नोंद पाहूनच सांगायचं. यूपीआयमध्ये तर माणूस दुसऱ्याच अॅपमध्ये जाऊन येतो, कमी मेमरीच्या फोनवर मधल्या काळात ब्राउझरचा टॅब बंद पडलेला असतो, आणि गेटवेकडून सर्व्हरला येणारी थेट सूचना माणसाच्या आधी किंवा नंतर केव्हाही येते. नोंदीत अजून ‘प्रलंबित’ असेल तर तसंच लिहावं: ‘पैशांची खात्री होत आहे, पुन्हा भरू नका.’

आता मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण. कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइटची. ‘तुमचं बुकिंग झालं’ हे छोटं वाक्य घ्या. त्यात १५ देवनागरी संकेत आणि २ मोकळ्या जागा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा, ३ बाइट घेतो. एकूण ४७. कुकीत असा मजकूर सरळ ठेवता येत नाही. टक्केवारीच्या चिन्हांनी लिहिला तर प्रत्येक संकेताला ९ अक्षरं लागतात आणि वाक्य १४१ वर जातं. त्या हिशोबाने सुमारे साडेचारशे संकेतांत कुकी भरते, आणि तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी मजकुराला साडेचारशेच्या आसपासच बाइट लागतात. मग फॉर्ममधल्या पाच-सहा चुकांचे निरोप एकदम ठेवले की रेल्स अपवाद फेकतं आणि फ्लास्कमध्ये निरोप काही न बोलता नाहीसा होतो. इंग्रजीत व्यवस्थित चाललेलं पान मराठी केल्यावर असं का वागतं हे कळायला मग वेळ लागतो.

म्हणून सेशनमध्ये वाक्य ठेवू नये, वाक्याची किल्ली ठेवावी: ‘बुकिंग-पक्कं’ आणि नोंदीचा क्रमांक. वाक्य पान रंगवताना बनवावं. मधेच कोणी भाषा बदलली तरी निरोप योग्य भाषेत येतो. प्रत्येक किल्लीला पूर्ण वाक्य असावं. रिकाम्या जागेत नाम भरून वाक्य जुळवायला गेलं की ‘नाव सेव्ह झाला’ आणि ‘खोली रद्द झालं’ अशी वाक्यं तयार होतात. पाहुण्याने स्वतः टाइप केलेलं नाव निरोपात घालायचं असेल तर ते एस्केप झालंच पाहिजे, म्हणजे त्यातली चिन्हं कोड न ठरता साधा मजकूर म्हणूनच दिसली पाहिजेत. पट्टीत ठळक अक्षरं हवीत म्हणून एस्केपिंग बंद करून ठेवलेली टेम्प्लेटं बरीच दिसतात आणि तिथून कोणाचीही स्क्रिप्ट आत येऊ शकते. फॉर्ममधल्या चुकांचं म्हणाल तर त्या फ्लॅशमध्ये घालूच नयेत. ४२२ (‘भरलेलं चुकलं आहे’) या कोडने तोच फॉर्म, भरलेल्या मजकुरासकट, परत द्यावा आणि चूक त्या त्या रकान्याखाली लिहावी.

कॅशबद्दल, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रतींबद्दल, थोडक्यात: ज्या उत्तरात निरोप आहे त्याला ‘नो-स्टोअर’ हेडर लावा. सीडीएनने (पानांच्या प्रती साठवून वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरांनी) पट्टीसकट पान साठवलं तर एका पाहुण्याचं ‘बुकिंग झालं’ अनोळखी लोकांना दिसत राहतं. बॅक बटणाने जुनं पान जसंच्या तसं परत येतं आणि त्याबरोबर पट्टीही, म्हणून पान सोडताना ‘पेजहाइड’ घटनेवर ती काढून टाकावी. रेल्सबरोबर येणारी टर्बो ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर पट्टीवर ‘टर्बो-टेम्पररी’ ही खूण लावा.

पट्टी किती वेळ ठेवायची यावर वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: चूक सांगणारी आणि पैशांची पट्टी आपोआप जाऊ नये, माणसाने बंद करावी. पाच सेकंदांत विरणारी पट्टी मराठी वाचायला सावकाश असलेल्याला, उन्हात किनाऱ्यावर फोन धरून उभ्या असलेल्याला आणि स्क्रीन-रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला सारखीच निरुपयोगी आहे. नुसत्या हिरव्या-तांबड्या रंगावर अर्थ सोडू नये, शब्दांत लिहावा. स्क्रीन-रीडरसाठी साध्या निरोपाला ‘स्टेटस’ आणि तातडीच्या निरोपाला ‘अलर्ट’ हा रोल द्यायचा. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या २.१ आवृत्तीत, म्हणजे २०१८ पासून, अशा निरोपांसाठी ४.१.३ हा स्वतंत्र निकष आहे. मात्र फ्लॅश पानाबरोबरच येतो, आणि पानात आधीपासून असलेला मजकूर पुष्कळ स्क्रीन-रीडर आपणहून वाचून दाखवत नाहीत. रिकामी चौकट पानाबरोबर यावी आणि पान उघडल्यावर क्षणभराने जावास्क्रिप्टने तिच्यात मजकूर भरावा, म्हणजे तो ऐकू येतो. पानाच्या शीर्षकातही ‘बुकिंग पक्कं’ घातलं तर जावास्क्रिप्ट न चालताही काम होतं.

‘एकदाच’चा आणखी एक अर्थ आहे: प्रत्येक माणसाला एकदा. ‘आता पेटीचा आकार निवडता येतो’ अशी नव्या सोयीची सूचना. हापूसचं गिऱ्हाईक एप्रिलमध्ये येतं आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा येतं. तोवर सेशन मेलेलं असतं, आणि ‘ही सूचना पाहिली’ हे ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये लिहिलं असेल तर सफारीने तेही पुसलेलं असतं, कारण २०२० पासून सफारी सात दिवस न वापरलेल्या साइटचं असं साठवण काढून टाकतं. म्हणून खात्याला जोडलेलं टेबल हवं: खातं, सूचनेची किल्ली, पाहिल्याची वेळ, आणि पहिल्या दोहोंवर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे दोन फोनांवरून एकाच वेळी नोंद आली तरी एकच राहते. ‘पाहिलं’ ही नोंद पान रंगवताना करू नये, माणसाने सूचना बंद केल्यावर करावी. बोगद्याचा हिशोब इथेही लागू आहे आणि इथे दोनदा दिसलेलं चालतं.

सूचनेला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या. खातं उघडण्याआधी सुरू झालेल्या सूचना त्या खात्याला दाखवू नका, नाहीतर नवं गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी मागच्या तीन हंगामांच्या पट्ट्या बंद करत बसतं. एका वेळी एकच दाखवा. मासेमारीबंदीच्या काळातल्या, १ जून ते ३१ जुलैच्या, मासळीच्या ऑर्डरी बंद असल्याची सूचना या टेबलात टाकू नका. ती परिस्थिती आहे, मासळीच्या पानावर दोन महिने उभी राहू द्या.

हे सगळं तपासायचं ते शहरातल्या वेगवान जोडणीवर तपासू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत वेग ‘थ्रीजी’ करा. दुसऱ्या टॅबमध्ये सतत विचारणा करणारं पान उघडं ठेवा. फॉर्म पाठवा आणि सर्व्हरच्या नोंदवहीत पोस्ट आलेली दिसताच नेटवर्क ‘ऑफलाइन’ करा, मिनिटभराने परत चालू करून रिफ्रेश करा. डेटाबेसमध्ये एकच नोंद हवी आणि पानावर ती पट्टीवाचूनही वाचता यायला हवी. पेमेंटच्या चाचणीत ओटीपीच्या पानावर पाच मिनिटं थांबा, मगच पुढचं बटण दाबा.